दिनविशेष लिहिताना या चुका टाळा

सप्टेंबर ते नोव्हेंबर गोव्यातल्या मराठी शाळांच्या फळ्यावर दिनविशेषांची गर्दी असते. चुकाही दरवर्षी त्याच, कारण मोबाइलवर आलेले तसेच उतरवले जाते.

9 ऑक्टोबरला ‘डी. डी. कोसंबी जयंती’ लिहून गणितज्ञ मुलाचा फोटो लावू नका. 9 ऑक्टोबर 1876 रोजी सांकवाळला जन्मले ते धर्मानंद दामोदर, बौद्ध धर्माचे अभ्यासक. दामोदर धर्मानंद हे त्यांचे चिरंजीव, जन्म 31 जुलै 1907. बापलेकांची आद्याक्षरे एकच, तेव्हा पूर्ण नाव लिहाच. लतादीदींचे (28 सप्टेंबर 1929) आडनाव मंगेशीचे, जन्म मात्र इंदूरचा. गायिका केसरबाई केरकर 16 सप्टेंबर 1977 ला गेल्या. त्यांची भैरवी घेऊन ‘व्हॉयेजर 1’ हे अंतराळयान 5 सप्टेंबरलाच झेपावले होते, म्हणून ‘मृत्यूनंतर आवाज अंतराळात’ हे चटकदार वाक्य चूक.

खरी गोची जुन्या तारखांची. शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ पुन्हा बांधायला घेतले, त्या शिलालेखात शके 1590, कार्तिक वद्य पंचमी आहे. पुस्तकांत तारीख असते 13 नोव्हेंबर 1668. ती ज्युलियन (युरोपातल्या जुन्या कॅलेंडरची), आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस 23 नोव्हेंबर. पोर्तुगालने 1582 मध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर धरला, इंग्रज 1752 पर्यंत जुन्याच गणनेवर राहिले. त्यामुळे 1683 च्या फोंड्याच्या वेढ्यासारख्या प्रसंगी पोर्तुगीज आणि इंग्रजी कागदांत दहा दिवसांचे अंतर पडते. म्हणून तारखेशेजारी गणना कोणती ते लिहा, शक्य तर तिथीही. पण दहा दिवस डोळे मिटून मिळवू नका. पुस्तकाच्या लेखकाने ते आधीच मिळवलेले असू शकतात. तिथी ॲपवर शोधत असाल तर आणखी एक खाच: उत्तरेकडच्या पौर्णिमान्त (पौर्णिमेला महिना संपणाऱ्या) पंचांगात आपला कार्तिक वद्य पक्ष मार्गशीर्षात मोडतो, आणि शोध महिनाभर हुकतो.

25 नोव्हेंबर 1510 पुढे ‘गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात’ असेही सरसकट लिहू नका. पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने त्या दिवशी घेतले ते गोवा शहर. बार्देश आणि साष्टी 1543 मध्ये गेली. फोंडा, डिचोली, पेडणे तर थेट अठराव्या शतकात, त्यामुळे निदान फोंड्याच्या शाळेने तरी हे वाक्य फळ्यावर लिहू नये.