ब्रिटनमध्ये नोकरी सोडल्यावर शिल्लक रजेचे अडकलेले पैसे असे मिळाले

लक्षण: शेवटच्या पेस्लिपमध्ये शिल्लक रजेचे पैसेच नाहीत. एचआरला मेल केले, उत्तर एकच: 'न घेतलेली रजा बुडाली.' मॅनेजर फोन उचलेना. डोकं फिरलं होतं.

काम झालं ते या क्रमाने. आधी पेस्लिपवरचं कंपनीचं नाव कंपनीज हाउसच्या (सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालय) साइटवर पडताळलं. पाटीवर भलतंच नाव होतं. मग हिशेब, वर्किंग टाइम रेग्युलेशन्स 1998, नियम 14 प्रमाणे: वर्षाची रजा गुणिले रजावर्षाचा सरलेला भाग, वजा घेतलेली रजा. आठवड्याला पाच दिवस काम, म्हणून कायद्याने 28 दिवस. अर्धं वर्ष सरलं म्हणजे 14, घेतले 5, येणं 9. त्यानंतर एकॅसकडे (नोकरीतले वाद मिटवणारी संस्था) त्याच नोंदणीकृत नावाने अर्ली कन्सिलिएशनचा, म्हणजे दाव्याआधीच्या मध्यस्थीचा, ऑनलाइन अर्ज. फुकट आहे. तेव्हा या अर्जाची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी होती, आणि एचआरशी मेलामेली चालू आहे म्हणून ती थांबत नाही. मध्यस्थाला फक्त हे आकडे पाठवले, रडगाणं नाही. कंपनी कबूल झाली.

सीओटी3 करारात (एकॅसमार्फत होणारा तडजोडीचा करार) पैसे जमा करायची तारीख घालून घ्या. ती ठरेपर्यंत फोनवरही 'हो' म्हणू नका, तोंडी होकारसुद्धा बंधनकारक ठरतो.

नॉर्दर्न आयर्लंडमध्ये एकॅस नाही. तिथे लेबर रिलेशन्स एजन्सी.