वर्गणीवर चालणारी मोबाईल सिस्टिम: पैसे मागताना या चुका टाळा

भाद्रपद जवळ आला की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मंडळाचं पावतीपुस्तक बाहेर निघतं. दोन वर्षांपूर्वी त्याच आठवड्यात मी आणखी एक वर्गणी काढली होती. एका जुन्या फोनसाठी आम्ही चौघं लिनिएजओएस या अँड्रॉइडवर बेतलेल्या मुक्त (कुणीही बघावी, बदलावी अशा) सिस्टिमच्या कोडवरून दर महिन्याला नवी बिल्ड, म्हणजे फोनमध्ये घालता येईल अशी तयार आवृत्ती, काढतो, तिच्यासाठी. कंपनीने त्या फोनचे अपडेट केव्हाच बंद केलेत, पण फोन अजून ठणठणीत आहेत. आवाहनात लिहिलं, ‘प्रोजेक्ट आवडला असेल तर सपोर्ट करा, आम्हाला एक चहा पाजा.’ खाली क्यूआर कोड. पहिल्या आठवड्यात ११,४०० रुपये आले. तिसऱ्या महिन्यात ३५०.

मंडळाचे खजिनदार काका गेली तीसेक वर्षं घरोघर वर्गणी मागतायत. त्यांना मी ते आवाहन दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वाचलं आणि विचारलं, “अरे, हे पैसे कशाचे? मूर्तीचे, मांडवाचे की प्रसादाचे?”

“तसं काही नाही काका, एकूण प्रोजेक्टसाठी.”

“मग बरोबर आहे. तू चहा मागितलास, लोकांनी चहा पाजला. रोज कोण पाजणार?”

खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं काकांच्या या प्रश्नातून आलंय आणि निम्मं आपटून.

कशाचे पैसे, हे न सांगता मागणं

लोकांना वाटतं की फुकट मिळणारी सिस्टिम फुकटच तयार होते. त्यांचं चुकत नाही, कारण खर्च आपण कधी सांगतच नाही. अँड्रॉइडचा मूळ मुक्त कोड उतरवून बिल्ड करायला सुमारे ४०० जीबी मोकळी जागा आणि ६४ जीबी रॅम लागते, असं गूगलच सांगतं. घरच्या लॅपटॉपवर हे जमत नाही, म्हणून सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. फाइली ठेवायची जागा, डोमेन, चाचणीचे फोन, त्यांच्या बॅटऱ्या हे वेगळंच.

आम्ही आवाहन बदललं. सर्व्हरचं भाडं महिना २,८०० रुपये, डोमेन वर्षाला ९००, चाचणीचा एक फोन वर्षातून एकदा. आणि शेवटी एक ओळ: ‘यातला एकही रुपया आमच्या मेहनतान्याचा नाही.’ त्यानंतर पैसे एकदम वाढले नाहीत, पण आटायचे थांबले. आज बावीस जण नियमित देतात, बरेचसे शंभर-दीडशे रुपये. सर्व्हर निघतो.

ती शेवटची ओळ प्रत्येक प्रकल्पाला लागू होईलच असं नाही. लिनिएजओएसचे डेव्हलपर स्वयंसेवक आहेत, तिथे देणग्या मुख्यतः सर्व्हर आणि इतर यंत्रणेवर खर्च होतात. ग्राफीनओएस ही अँड्रॉइडवरचीच दुसरी सिस्टिम मात्र देणग्यांतून डेव्हलपरांना पगार देते, त्यामुळे तिथे पूर्ण वेळ काम करणारी माणसं आहेत. दोन्ही रीती चालतात. घोटाळा होतो तो देणाऱ्याला एक वाटलं आणि पैसा दुसरीकडे गेला की. मग एखाद्याच्या हातात नवा फोन दिसला, तरी कुजबुज सुरू होते.

वर्गणीच्या पैशाने घाईत फोन घेणं

हे आमच्याकडून झालं, म्हणून जरा सविस्तर. आमचा चाचणीचा फोन मेला. तेच मॉडेल दुकानात मिळेनासं झालं होतं, म्हणून जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्ये गेलो. एका टपरीवर सापडलं, मागची काच तडकलेली. “भिया, एकदम चालू पीस है.” फोन चालूही होत होता, कॅमेरा उघडत होता. घासाघीस करून घेतला आणि घरी येऊन रीसेट केला. स्क्रीनवर आधीच्या मालकाचं गूगल खातं मागणारी पाटी आली. ती कशीबशी सुटली, तर बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिम चढवणारा भाग, उघडेना. त्या मॉडेलच्या काही फोनांवर कंपनीने उघडायची सोयच दिलेली नाही आणि नेमका तसाच आमच्या नशिबी आला. म्हणजे आपली सिस्टिम त्यात घालताच येणार नाही. बाविसातल्या कितीतरी जणांची वर्गणी अशी ड्रॉवरमध्ये पडून आहे.

तेव्हा पैसे देण्याआधी, टपरीवर उभं राहूनच तीन गोष्टी बघा. सेटिंगमधून आधीचं खातं काढायला लावा आणि रीसेट तुमच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. सेटिंगमधलं डेव्हलपर ऑप्शन उघडून बूटलोडर उघडू देणारं ‘ओईएम अनलॉकिंग’चं बटण आहे का, ते दाबता येतंय का, हे तपासा, ते फिकट दिसत असेल तर पुढे जाऊ नका. मग फोन बंद करून बहुतेक फोनांत पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबलं की फास्टबूटचा, म्हणजे सिस्टिम सुरू होण्याआधीचा, पडदा येतो, तिथे लॉकची स्थिती अनेकदा लिहिलेली असते. दुकानदार वैतागतो. वैतागू द्या. आणि आपल्या मॉडेलच्या कोणत्या उपप्रकारांचा बूटलोडर उघडतो, त्याची यादी घरून नेलीत तर माझ्यासारखं होणार नाही.

एकाच शेठवर विसंबणं

इंदूरकरांना हे समजावायला नको. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला अख्खं शहर जागतं. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तरी तिच्या नावाची झांकी निघते, कारण कामगारांनी दारोदार फिरून, जिथून मिळेल तिथून मदत गोळा करून ती चालू ठेवली. झांकी वाचली, पण दर वर्षी पैशांची तीच ओढाताण.

सायनोजेनमॉडचं असंच झालं. हौशी लोकांनी वाढवलेली सिस्टिम, तिच्यावर कंपनी उभी राहिली, गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर आले. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने सेवा गुंडाळल्या, सर्व्हरही गेले. त्याच महिन्यात त्याच कोडवरून लिनिएजओएस सुरू झालं. फायरफॉक्स ओएसचे फोन २०१३ मध्ये बाजारात आले आणि २०१६ मध्ये ती सिस्टिम बनवणाऱ्या मोझिलाने त्यातून अंग काढून घेतलं. त्याच कोडमधून कायओएस निघालं आणि २०१७ मध्ये ते जिओफोनमधून आपल्याकडे घरोघरी पोचलं. काकांच्या खिशातला बटणांचा फोन तोच. तुमच्या फोनचं मूळही मुक्त सिस्टिममध्येच आहे, हे सांगितल्यावर काका म्हणाले, “मग तू मला का सांगतोस की तुझी सिस्टिम घाला?”

कोड मुक्त असला की तो वाचतो, हे खरं. पण सर्व्हर, डोमेन आणि पासवर्ड वाचत नाहीत. मोठा प्रायोजक मिळाला तर आनंदाने घ्या, फक्त रोजचा सर्व्हर त्याच्या पैशावर टांगू नका. तो लहान वर्गणीवर चालू दे आणि प्रायोजकाचे पैसे नव्या कामाला वापरा.

पहिल्याच फटक्यात स्वतःचा फोन काढायला निघणं

२०१३ मध्ये उबंटू लिनक्स बनवणाऱ्या कॅनॉनिकलने उबंटू एज या फोनसाठी ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. महिन्याभरात १ कोटी २८ लाखांच्या आसपास जमले. त्या वेळी हा लोकवर्गणीचा मोठा आकडा होता, पण लक्ष्य गाठलं नाही म्हणून सगळे पैसे परत गेले आणि फोन निघालाच नाही. फोन बनवणाऱ्या योला कंपनीने २०१४ मध्ये टॅब्लेटसाठी वर्गणी काढली. अनेकांना तो कधीच मिळाला नाही. प्युरिझम कंपनीच्या लिब्रेम ५ फोनने २०१७ मध्ये १५ लाख डॉलर मागितले, मिळाले त्याहून जास्त, तरी कित्येकांना फोनसाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागली.

दुसरीकडे कॅनॉनिकलने २०१७ मध्ये उबंटू टच हे फोनचं सॉफ्टवेअरही सोडलं, तेव्हा यूबीपोर्ट्स या गटाच्या स्वयंसेवकांनी ते आहे त्या फोनांवर चालवत नेलं. ते आजही चालू आहे. स्क्रीन आणि चिपच्या कारखान्यांशी व्यवहार करणं हा वेगळाच धंदा आहे, त्यात शिरायला कोड येणं पुरत नाही.

पैसे निघाले, पोचले नाहीत

सगळ्यात जास्त तक्रारी याच. लोकांची द्यायची इच्छा असते, वाट मध्येच तुटते.

‘दर महिन्याची देणगी लावली, दुसऱ्या महिन्यात कार्ड नाकारलं.’ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी आधी रीतसर मंजुरी नोंदवावी लागते आणि प्रत्येक वेळी किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. ज्या परदेशी देणगी-संकेतस्थळांनी आपल्या बँकांशी ही जोडणी केलेली नाही, तिथे भारतीय कार्ड अडकतं. उपाय साधा आहे: वर्षाची रक्कम एकदाच द्या. ३,००० एकदम द्यायला जड वाटत असेल तर दिवाळी आणि पाडवा असे दोन हप्ते करा.

‘पहिल्यांदाच नाकारलं.’ बँकेच्या ॲपमध्ये कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते बघा. २०२० पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात.

‘पेपालवर भारतातल्या भारतात जात नाहीत.’ जाणारच नाहीत, ती सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद आहे. देशातल्यांसाठी यूपीआय ठेवा, परदेशातल्यांसाठी वेगळी वाट.

आता घेणाऱ्याची बाजू. वर्गणी स्वतःच्या पगाराच्या खात्यात घेऊ नका. आम्ही पहिले चार महिने घेतली आणि मार्चमध्ये वीजबिल कुठलं, सर्व्हर कुठला हे वेगळं करता करता डोकं उठलं. नातेवाइक नसलेल्यांकडून वर्षात एकूण ५०,००० रुपयांहून जास्त भेट मिळाली तर सगळी रक्कम करपात्र होते, फक्त वरची नव्हे. कामाच्या मोबदल्यात येणारे पैसे तर उत्पन्नातच धरले जातात. सीएला एकदा सगळं दाखवा, त्याची फी वर्गणीतून गेली तरी चालेल, पण हिशेबात लिहा. ‘करसवलत मिळेल’ असं कुणालाही सांगू नका. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी नोंदणी तुमच्याकडे नसते आणि परदेशी फाउंडेशनला दिलेल्या पैशावर ती सवलत मिळत नाही.

ओळखीच्या एखाद्या संस्थेच्या खात्यात परदेशी देणग्या घ्यायचा मोह तर टाळाच. संस्थेला त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. हौशी चौघांनी या भानगडीत पडू नये.

देणगीदाराला गिऱ्हाईक करणं

‘५०० द्या, तुमची सूचना आधी घेऊ’ असं एकदा लिहिलं होतं. आठवड्यात निरोप आला: पाचशे दिलेत, माझं बँकेचं ॲप का चालत नाही? बरीच बँक ॲप फोनची सिस्टिम मूळ कंपनीचीच आहे का, बूटलोडर बंद आहे का, हे तपासतात आणि नसेल तर उघडतच नाहीत. आमच्यासारख्यांच्या हातात ते नसतं. त्या माणसाला आम्ही पाचशे परत केले. चूक त्याची नव्हती. आता आवाहनाच्या वरच ठळक लिहिलंय की पेमेंटची ॲप चालतील याची हमी नाही.

सुरक्षा दुरुस्त्या पैसे देणाऱ्यांना आधी आणि बाकीच्यांना नंतर, हाही प्रकार काही ठिकाणी दिसतो. मला तो पटत नाही. अँड्रॉइडच्या सुरक्षा सूचना, म्हणजे सापडलेल्या भोकांची जाहीर यादी, ऑगस्ट २०१५ पासून निघतात. भोक जगजाहीर झाल्यावर निम्म्या लोकांना उघडं ठेवून वर्गणी काढायची, याला काकांच्या भाषेत खंडणी म्हणतात.

मोठे निधी

इथे थोडक्यात. शेअर दलाली करणाऱ्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड सुरू केला, मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलर. एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर. नेदरलँड्समधली एनएलनेट संस्थाही निधी देते, पोस्टमार्केटओएस या जुन्या फोनांसाठीच्या लिनक्स सिस्टिमला तिची मदत झालेली आहे. चूक अशी होते की आमच्यासारखे एका फोनपुरते काम करणारे लोक तिथे सर्व्हरचं भाडं मागतात. अर्ज करायचा तर अशा कामाचा करा ज्याचा उपयोग अनेक फोनांना होईल, जसं एखाद्या जुन्या चिपचा आधार मुख्य लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्याही गाभ्यात असलेल्या कोडमध्ये, नेणं.

हिशेब न लावणं

मंडपाबाहेर वर्गणीदारांची आणि खर्चाची यादी चिकटवतात, लोक उभं राहून वाचतात, चुका काढतात. तसंच करायचं. दर महिन्याच्या पाच तारखेला जमा, खर्च, शिल्लक. ओपन कलेक्टिव्हसारख्या वर्गणीच्या संकेतस्थळावर हा हिशेब आपोआप उघडा राहतो. नाहीतर साधी स्प्रेडशीट पुरे. ड्रॉवरमधला तो फोनही आमच्या यादीत आहे, ‘वाया गेला’ अशा शेऱ्यासह. त्यावर शिव्या येतील असं वाटलं होतं. एकाने त्याचा स्क्रीन दुरुस्तीसाठी विकत मागितला. खात्याचे आणि सर्व्हरचे पासवर्ड दोघांकडे ठेवा, एवढं सांगून पुढे जातो.

यंदा वर्गणीला निघालो तेव्हा काकांनी मंडळाची पावती फाडली आणि मग खिशातून वेगळे १०१ रुपये काढले. “हे तुझ्या सर्व्हरच्या भाड्याचे. पावती दे.” आमच्याकडे पावतीपुस्तक कुठलं? मी म्हटलं, यादीत लावतो. त्यांच्या फोनवर ती यादी नीट दिसत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी छापून नेऊन दिली. त्यांनी ती मंडळाच्या वहीत घडी घालून ठेवली आणि डोमेनच्या रकमेपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं.