ग्रीन कमर्शियल बिल्डिंग बांधताय? हिशोबातल्या या चुका टाळा

"ते ग्रीन-बिन राहू दे, चौरस फुटाला किती जादा पडतंय तेवढं सांगा." कोल्हापुरात दुकानगाळे, शोरूम, दवाखाने यांची अंदाजपत्रकं करताना पहिल्याच बैठकीत हा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. पैसा मालकाचा, कर्ज त्याच्या डोक्यावर. पण मी पाहिलेल्या बहुतेक हिशोबांत रक्कम चुकलेली नसते, क्रम चुकलेला असतो. आधी नकाशा मंजुरीला जातो, मग दर्शनी काच ठरते, मग एसीचं कोटेशन येतं. सगळं ठरल्यावर मालक विचारतो, "आता यात ग्रीन काय बसतंय?" त्या टप्प्यावर जे बसतं ते सगळं वरखर्चाचंच असतं.

पश्चिमेला काच, आणि मग एसी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्लॉटचं तोंड पश्चिमेला असलं की तीन मजले सलग काच लावायची, कारण शोरूम उठून दिसली पाहिजे. मार्च ते मे दुपारी तीननंतरचं ऊन खाली उतरून थेट आत शिरतं. दक्षिणेचं ऊन छज्जा अडवतो, कारण तिकडे सूर्य उंचावर असतो. पश्चिमेला छज्जा कितीही पुढे काढला तरी ऊन त्याच्या खालून येतं. तिथे काचेच्या बाहेर उभ्या पट्ट्यांचे पडदे लागतात, नाहीतर जिना, स्टोअर, स्वच्छतागृहं त्या बाजूला टाकून भिंतच भरीव ठेवावी लागते.

हिशोब इथे फसतो. चांगली काच आणि उभे पडदे यांचा खर्च 'जादा' म्हणून वेगळा लिहिला जातो, पण त्यामुळे एसी किती लहान झाला ते कुणी लिहीत नाही. समजा 20 टनांचं काम 16 टनांत भागलं. मग 4 टनांचं यंत्र वाचलं, केबल बारीक झाली, जनरेटर लहान झाला, मंजूर भार (वीज कंपनीकडून मंजूर करून घेतलेली जोडणीची क्षमता) कमी झाला. ही बचत पहिल्याच दिवशी हातात येते, विजेच्या बिलाची वाट बघावी लागत नाही. जादा खर्चातून ती वजा केल्याशिवाय "पैसे किती वर्षांत फिटतील?" हा प्रश्न विचारूच नका. आणि हे एसीचं कोटेशन मागवायच्या आधी करा. नंतर पडदे लावले तर 20 टनांचे पैसे गेलेलेच असतात.

भिंतींचंही तसंच. एएसी ब्लॉक, म्हणजे हवेची छिद्रं असलेला हलका सिमेंटचा ठोकळा, त्याच आकाराच्या भाजक्या विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा असतो. इमारतीवरचा भार कमी होतो, लोखंड वाचतं. पण आरसीसी डिझाइन विटेचा भार धरून झालं असेल आणि ब्लॉक नंतर ठरला असेल, तर ते लोखंड गेलंच.

सोलर आधी, गच्ची नंतर

तापलेल्या गच्चीखाली दिवसभर एसी चालवायचा आणि त्याची वीज भागवायला वर पॅनेल वाढवत जायचे, हे उलटं झालं. आधी गच्चीवर पांढरे चायना चिप्स (चिनीमातीच्या फरशीचे तुकडे) किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या, मग उरलेल्या गरजेपुरतं सोलर घ्या.

एक किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टमधलं आपल्याकडचं आभाळ सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे एप्रिलचा आकडा बारा महिन्यांना लावू नका. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरांसाठी आहे, व्यापारी जोडणीला ते मिळत नाही. तुमचा फायदा प्राप्तिकरातल्या 40 टक्के घसाऱ्यात आहे, म्हणून सीएला आधी विचारा. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात: सोलरनं युनिट कमी होतात, बिलातला दरमहाचा स्थिर आकार जात नाही.

खर्च एकाचा, फायदा दुसऱ्याचा

गाळे विकायचे असतील तर वीजबचत गाळेधारकाच्या खिशात जाते. अशा वेळी बिल्डरनं काय पाहावं? एक थेट फायदा आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत ग्रीन रेटिंगसाठी (पर्यावरणपूरक इमारतीला मिळणाऱ्या श्रेणीसाठी) मूळ एफएसआयवर, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं त्यावर, 3, 5 किंवा 7 टक्के जादा एफएसआय आहे. 10,000 चौरस फुटांच्या प्लॉटवर 1.1 मूळ एफएसआय धरला तर 5 टक्क्यांनी 550 चौरस फूट होतात. त्या जागेची किंमत एका बाजूला, रेटिंगची फी आणि कामाचा खर्च दुसऱ्या बाजूला ठेवा. मात्र कबूल केलेलं रेटिंग शेवटी मिळालं नाही तर दंड आहे, तेव्हा झेपेल तेवढीच पायरी धरा. गाळे भाड्यानं देणार असाल तर जादा खर्चातला वाटा भाडेकरारातच लिहून घ्या.

पाणी मुरतच नाही तिथे खड्डा

शहरात वर्षाला साधारण 1,000 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे 1,000 चौरस फूट गच्चीवरून, गळती-बाष्प वजा जाता, 70-75 हजार लिटर पाणी. पण काळ्या मातीत शोषखड्डा घेतला की तो दोन पावसांत तुंबतो. नदीकाठच्या सखल भागात तर पावसाळ्यात भूजल आधीच वर आलेलं असतं. तिथे टाकी बांधून ते पाणी फ्लशला वापरणं शहाणपणाचं. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचा वाल्व्ह मात्र विसरू नका.

पूर हिशोबात न धरणं

याबद्दल मला जरा जास्तच पोटतिडकीनं बोलावं लागतं. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 आहे. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर परिसरात तळमजल्यांत पाणी शिरलं. नंतर रस्त्यावर काय पडलं होतं ते आठवा: फुगलेलं प्लायवूड, एमडीएफचे (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे) रॅक, जिप्समची पार्टिशनं, चिखलात गेलेले एसी. ज्या इमारतीतलं सगळं दोन वर्षांत दोनदा टाकून द्यावं लागतं, तिच्यावर कितीही पॅनेल लावले तरी मी तिला पर्यावरणपूरक म्हणणार नाही.

नकाशा काढण्याआधी प्लॉट निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या कुठे येतो ते पाहा. मीटर रूम, इन्व्हर्टर, जनरेटर, पंपाचं पॅनेल तळघरात ठेवू नका, पहिल्या मजल्यावर न्या. तळमजल्याला कडाप्पा, टाइल, सिमेंट गिलावा असं धुऊन वापरता येणारं साहित्य घ्या. सांडपाणी प्रकल्प तळघरात असेल तर पाणी उलटं येऊ नये म्हणून परतबंदी झडप हवीच. हा सगळा खर्च एका पुरातल्या नुकसानीशी ताडून पाहा.

इमारत उभी राहिली असेल तर

बिल अपेक्षेपेक्षा जास्त येतंय? आधी बारा महिन्यांची बिलं समोर घ्या. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते त्याचं प्रमाण) आणि मंजूर भार तपासा, गडबड बऱ्याचदा तिथेच सापडते. मग एसी 24 अंशांवर ठेवा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे एका अंशानं साधारण 6 टक्के वीज वाचते. पश्चिमेच्या काचेला आतून पडदा लावला तरी उष्णता आत आलेलीच असते, जाळी किंवा पट्ट्या बाहेरून बसवा.

सोलर कमी देत असेल तर सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते पाहा. शिरोलीसारख्या फौंड्रीच्या भागात पॅनेलवर काळपट थर बसतो. पॅनेल पहाटे, काच थंड असताना, मऊ फडक्यानं धुवा आणि धुण्याआधीच्या-नंतरच्या आठवड्याची युनिट लिहून ठेवा. किती दिवसांनी धुवायचं ते त्या वहीतूनच ठरवा.