मूल हवंय आणि गर्भाशयात गाठ आहे? या चुका टाळा

सोनोग्राफीत ‘फायब्रॉईड, ५ सेंमी’ असं दिसलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्या आकड्यावर जातं. पहिली चूक तिथेच होते. दिवस राहण्यासाठी गाठ केवढी यापेक्षा ती कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. गर्भाशयाच्या पोकळीत शिरलेली २ सेंमीची गाठ गर्भ रुजण्यात अडथळा आणू शकते. बाहेरच्या बाजूला लोंबणारी ५ सेंमीची गाठ बहुधा आड येत नाही. जागेनुसार या गाठींचे ० ते ८ असे प्रकार मानतात. आपली कुठल्या प्रकारातली, हे विचारल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

०, १ आणि २ या पोकळीतल्या गाठी. त्या बहुतेकदा योनिमार्गातून दुर्बीण घालून, म्हणजे हिस्टेरोस्कोपीने निघतात. पोटावर टाका पडत नाही. गाठ मोठी किंवा भिंतीत खोल असेल तर कधीकधी दोनदा करावं लागतं. ते अपयश नव्हे. समोरासमोरच्या भिंतींवर गाठी असतील तर घाई नकोच, दोन्ही जखमा एकमेकींना चिकटू शकतात.

भिंतीतल्या गाठींबाबत ‘पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने ते चांगलं, पोट उघडून ते जुनं’ हा समज मला फार घातक वाटतो. गरोदरपणात ताणली जाते ती गर्भाशयाची भिंत, त्यामुळे ती थराथराने नीट शिवली जाणं महत्त्वाचं. गाठी पुष्कळ किंवा फार मोठ्या असतील तर पोट उघडून, हाताने चाचपून काढणंच अनेकदा योग्य ठरतं.

गाठीवर खापर फोडण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी आणि गर्भनलिकांची तपासणी करा. जास्त रक्तस्रावाने हिमोग्लोबिन उतरलं असेल तर आधी ते वाढवा. गाठीचा रक्तपुरवठा बंद करणारं एम्बोलायझेशन मूल हवं असताना सहसा पहिला पर्याय नसतो. ‘पिशवीच काढून टाका’ असं कोणी पटकन सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

भिंतीतली गाठ काढल्यावर साधारण ३ ते ६ महिने थांबायला सांगतात; नेमकं किती, ते तुमच्या सर्जनला विचारा. डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशनच्या नोंदीची प्रतही मागून घ्या. छेद किती खोल होता, पोकळी उघडली होती का, हे त्यात असतं. कळा येऊ द्यायच्या की आधीच सिझेरियन करायचं, हे ठरवताना डॉक्टरांना तेच लागतं. बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर ती फाईल बॅगेत पहिली ठेवा.