स्टॉकहोम एका दिवसात पायी पाहताय? या चुका टाळा

स्टॉकहोममध्ये चालण्यासारखं सुख नाही. मेलारेन सरोवराचं पाणी जिथे बाल्टिक समुद्राला मिळतं, तिथे चौदा बेटांवर हे शहर वसलंय. फुटपाथ मोकळे आहेत, हवा स्वच्छ आहे आणि दर थोड्या वेळाने समोर पाणी येतं. तरीही एका दिवसासाठी आलेले बरेच जण संध्याकाळी थकून, चिडून आणि अर्धी ठिकाणं राहून गेल्याची हळहळ घेऊन परततात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. बेत आखताना पाणी हिशेबात धरलेलं नसतं.

नकाशावर सरळ रेघ ओढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. जुन्या शहराच्या, म्हणजे गामला स्तानच्या, दक्षिण टोकाला स्लुसेन आहे. तिथून नकाशा पाहिला तर वासा या जुन्या युद्धनौकेचं संग्रहालय पलीकडच्या काठावर, अगदी जवळ दिसतं. पण मध्ये पाणी आहे. पायी जायचं तर राजवाड्याखालच्या धक्क्यावरून उत्तरेला, पूल ओलांडून न्यूब्रोप्लान चौकात, मग स्त्रांदवेगेन या किनाऱ्यालगतच्या रस्त्याने आणि शेवटी आणखी एक पूल ओलांडून यूरगोर्डेन बेटावर, असं तीन किलोमीटरच्या वर चालावं लागतं. रस्ता फार सुंदर आहे आणि एकदा तो चालावाच. पण त्याच वाटेने परत येऊ नका. परतताना यूरगोर्डेनहून स्लुसेनला जाणारी ८२ क्रमांकाची बोट धरा. ती शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचाच भाग आहे, त्यामुळे बस-मेट्रोचं साधं तिकीट तिच्यावर चालतं. पाण्यावरून शहर बघण्यासाठी पर्यटकांच्या महागड्या फेरीची वेगळी गरजही उरत नाही.

एवढं लक्षात आलं की दिवसाचा क्रम आपोआप ठरतो: सकाळी जुनं शहर, दुपारी स्त्रांदवेगेनवरून चालत यूरगोर्डेन, तिथे वासा, मग बोटीने स्लुसेन आणि संध्याकाळी सोडरमाल्म बेटावरची टेकडी. यात सिटी हॉलची आतली फेरी बसत नाही, आणि ती बसवायचा अट्टहास करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नोबेलची मेजवानी जिथे होते ते दालन पाहायचंच असेल, तर त्याला दुसरा दिवस द्या.

गामला स्तानमध्ये एकाच गल्लीत अडकणं

जुन्या शहरात शिरलेली गर्दी वेस्तरलाँगगातान या रस्त्याने जाते आणि त्याच रस्त्याने परत येते. दोन्ही बाजूंना चुंबकं, टी-शर्ट आणि आइस्क्रीम. खरं जुनं शहर एक गल्ली सोडून आहे. तिला समांतर असलेल्या प्रेस्तगातानवर या, आवाज एकदम कमी होतो. तिथे कोकब्रिंकेन गल्लीच्या कोपऱ्यावर घराच्या भिंतीत एक रूनशिला बसवलेली आहे, वायकिंगांच्या काळच्या लिपीत कोरलेली. बांधणाऱ्यांनी तो हाताशी आलेला दगड म्हणून भिंतीत वापरून टाकला. शेजारून रोज शेकडो माणसं मान वर न करता निघून जातात, याचं फार वाईट वाटतं. पुढे मॉर्टेन त्रोत्सिग नावाची पायऱ्यांची गल्ली आहे. सर्वांत अरुंद जागी तिची रुंदी फक्त ९० सेंटिमीटर. सकाळी नऊच्या आत गेलात तर ती तुमच्या एकट्याची असते.

मुख्य चौकात, स्तूरतोर्येतवर, रंगीत घरांसमोर फोटो काढून लगेच निघू नका. नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान याने इथे ऐंशीहून जास्त माणसांना मारलं. सरदार, बिशप आणि शहरातले प्रतिष्ठित नागरिकही त्यात होते. त्यातून उठाव पेटला आणि १५२३ मध्ये गुस्ताव वासा स्वीडनचा राजा झाला. हे ठाऊक असेल तर दुपारी पाहायच्या जहाजाच्या नावाचाही उलगडा होतो.

राजवाड्यासमोर पहारा बदलण्याचा सोहळा साधारण चाळीस मिनिटं चालतो. वार आणि वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती आदल्या रात्री बघून ठेवा.

वासाला अर्धा तास देणं

हे करू नका, हात जोडून सांगतो. १० ऑगस्ट १६२८ रोजी या युद्धनौकेचं पहिलंच जलप्रयाण होतं. बंदरात दीडेक किलोमीटर जाईपर्यंत वाऱ्याचा झोत आला, जहाज कललं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि ते बुडालं. वरचा भार जास्त होता आणि खालचा भाग त्या मानाने अरुंद. १९६१ मध्ये, म्हणजे ३३३ वर्षांनी, ते वर काढलं. लाकूड टिकलं कारण बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी समुद्री अळी जगत नाही. आज दिसणारं जहाज जवळजवळ सगळं मूळ लाकडाचं आहे.

आत अंधूक उजेड असतो, तो लाकूड जपण्यासाठी. डोळे सरावायला वेळ द्या आणि मग एकेक मजला चढत जहाजाची पाठीमागची कोरीव बाजू वेगवेगळ्या उंचीवरून पाहा. दीड-दोन तास हवेतच. दुसरं काही सोडावं लागलं तरी चालेल.

ऋतू न बघता वेळापत्रक करणं

डिसेंबरच्या शेवटी इथे दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास. हिवाळ्यात वरचा क्रम तसाच ठेवलात तर टेकडीवर पोचाल तेव्हा काळोख असेल. त्या दिवसांत उजेड बाहेर चालण्यासाठी राखा आणि वासा शेवटी ठेवा, मात्र संग्रहालय बंद होण्याची वेळ आधी पाहून. बर्फ असेल तर साध्या बुटांनी गुळगुळीत दगडी उतारांवर पाय सटकतो. छपरांवरून बर्फ पाडण्याचं काम चालू असताना फुटपाथ अडवलेला असतो, तो ओलांडून जाऊ नका.

जूनमध्ये वेगळीच अडचण येते. मिडसमर या उन्हाळी सणाच्या आदल्या शुक्रवारी, म्हणजे १९ ते २५ जूनच्या दरम्यान, निम्मं शहर गावाकडे गेलेलं असतं आणि पुष्कळ दुकानं, हॉटेलं बंद असतात. एरवी सोमवारही तपासा. राष्ट्रीय कलासंग्रहालय आणि आधुनिक कलेचं संग्रहालय, दोन्ही त्या दिवशी बंद असतात.

पैसे, पाणी, जेवण

नोटा बदलून नेऊ नका. अनेक दुकानं रोख घेतच नाहीत, बसमध्येही रोख चालत नाही. भारतातून येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर सुरू करून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवं कार्ड मुळात फक्त देशांतर्गत वापरासाठीच चालू असतं. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम आहे.

जेवण रात्रीवर ढकलू नका. कामाच्या दिवशी साधारण अकरा ते दोन या वेळेत ‘डागेन्स लुंश’, म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं दुपारचं जेवण, मिळतं, आणि त्यात ब्रेड, सॅलड, कॉफी बहुधा धरलेली असते. तेच रात्री बरंच महाग पडतं. शाकाहारी पदार्थ सहज मिळतो, पण मासे चालत नाहीत हे वेगळं सांगा.

दिवस बिघडलाच तर

पाय बोलायला लागले तर यूरगोर्डेनहून ७ क्रमांकाची ट्राम मध्यवर्ती स्थानकाकडे नेते. कार्ड मशीनला टेकवलं की तिकीट होतं आणि ते ७५ मिनिटं चालतं. थंडीत मोबाइलची बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवा. मुसळधार पाऊस आला तर मेट्रोत उतरा. निळ्या मार्गावर टी-सेंट्रालेनच्या खडकाळ छतावर निळ्या वेली रंगवल्या आहेत, कुंग्सत्रेदगोर्डेन स्थानकात जुन्या वास्तूंचे अवशेष ठेवलेत आणि सोल्ना सेंट्रुमचं छत लालभडक आहे. बाहेर न पडता एका तिकिटात तिन्ही पाहून होतात, तोवर पाऊसही बहुधा ओसरतो. मग स्लुसेनला उतरून सोडरमाल्मच्या टेकडीवरच्या मोंतेलियसवेगेन या लाकडी पायवाटेवर जा, सिटी हॉल तिथून पाण्यापलीकडे पूर्ण दिसतो.