आजीची बोली मोबाईलवर कशी धरून ठेवायची

बुलढाण्यात जळगाव जामोदकडे निहाली बोलतात, तिचं नातं दुसऱ्या कुठल्याच भाषेशी पक्कं लागलेलं नाही अन् बोलणारे थोडेच उरलेत. तुमच्याही घरात अशी बोली असेल तर सरकारची वाट बघू नका, आजीला विचारा रेकॉर्ड करू का, हो म्हणाली की पंखा बंद, मोबाईल फ्लाइट मोडवर, तिच्यापासून हातभर लांब. आधी गाव, तारीख बोलून घ्या. नुसतं "याला काय म्हणतात" विचारत बसू नका हो, वैतागते ती! मोहाची फुलं कशी वेचायची, भांडणं कशी मिटायची ते सांगू द्या, मधे तोंड घालू नका. नंतर तिच्याजवळच बसून ऐकत देवनागरीत लिहा, कॉपी दोन ठिकाणी ठेवा. लेकरांना जेवायला हाकही त्याच बोलीत मारा, ती मराठीत उत्तर देतील, देऊ द्या.