सेल शीट नको तेव्हा सुटते, हवी तेव्हा फाटते? या चुका टाळा

सेल शीट म्हणजे जखमेवर बसवण्यासाठी डिशमध्ये वाढवलेला, एकमेकींना जोडलेल्या पेशींचा अखंड पातळ थर. थंड केल्यावर पेशी सोडणाऱ्या तापमान-संवेदी डिशवर पेशी वाढवणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: परवापर्यंत छान होती, आज कडा उचलल्या गेल्या. मग डिशच्या लॉटला दोष दिला जातो. लॉट क्वचित खराब निघतोही, पण त्याआधी आपल्या हातांच्या सवयी तपासाव्यात.

या डिशवर एका पॉलिमरचा अतिशय पातळ थर असतो. टोकियो महिला वैद्यकीय विद्यापीठात तेरुओ ओकानो यांच्या गटाने हे तंत्र विकसित केलं. साधारण ३२ अंशांच्या वर हा थर पाण्यापासून फटकून वागतो आणि पेशी त्याला धरून बसतात. त्याखाली तो पाणी शोषून फुगतो आणि पेशी सुटतात. ट्रिप्सिन (डिशवरून पेशी सोडवणारं विकर) न लागल्यामुळे पेशींमधले जोड आणि तळाशी त्यांनीच विणलेलं जाळं शाबूत राहतं. त्या जाळ्याच्या जोरावर शीट जखमेवर टाक्यांशिवाय बसते. २००४ साली ओसाकाच्या कोजी निशिदा यांनी चार रुग्णांच्या कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) त्यांच्याच तोंडातल्या अस्तराच्या पेशींची शीट अशी बसवून दाखवली.

म्हणजे ३२ अंश हा आकडा हूडवर (निर्जंतुक हवेच्या कामाच्या कपाटावर) चिकटवून ठेवण्यासारखा आहे. एसी लावलेल्या खोलीत डिश मायक्रोस्कोपखाली ठेवून फोटो काढत बसलात, की सुटण्याची प्रक्रिया तुम्हीच सुरू केलेली असते. फ्रीजमधला मीडिया (पेशींचं पोषक द्रव) थेट ओतला तरी तेच. मीडिया ३७ अंशांवर आणा, डिश गरम प्लेटवर ठेवा, फोटो आटोपशीर काढा. आणखी एक फसगत होते ती पेशी पेरताना. साध्या प्लेटमध्ये पेशी काठाला गोळा होऊ नयेत म्हणून पेरल्यावर ती थोडा वेळ खोलीच्या तापमानाला ठेवायची युक्ती बरेच जण वापरतात. इथे ती चालत नाही, कारण थंड डिशला पेशी धरतच नाहीत. डिश गोल फिरवू नका, सगळ्या मध्यभागी जमतात. मागे-पुढे, डावी-उजवीकडे हलवा आणि सरळ इन्क्युबेटरमध्ये ठेवा.

काढताना उलटी घाई होते. २० अंशांवर अर्धा तास सांगितला आहे, मग बर्फावर ठेवली तर लवकर सुटेल, असा हिशेब काही जण करतात. तो चुकतो. पृष्ठभागाने सोडलं तरी पेशीला स्वतःचा सांगाडा आवळून पाय मागे घ्यावे लागतात आणि त्याला ऊर्जा लागते. फार थंड केलं की पेशीच सुस्तावते. मग वैतागून पिपेटने फवारे मारले जातात आणि शीट मधोमध फाटते.

सुटलेली शीट आकसते, तेही दुधावरची साय काठावरून सोडवल्यावर गोळा व्हावी तशी. म्हणून आधाराचा पडदा वरून टेकवूनच उचला. पडद्याच्या कडेला एक खाच ठेवा, नाहीतर उचलल्यावर वरची बाजू कुठली, खालची कुठली, याचा पत्ता लागत नाही. उलटी बसवलेली शीट चिकटत नाही. गर्भवेष्टनावर (गर्भाभोवतीच्या पातळ पडद्यावर) पेशी वाढवल्या तर हा प्रश्नच येत नाही, शीट त्या पडद्यासकटच बसवता येते, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत लिंबल (कॉर्नियाच्या कडेच्या) पेशींसाठी गर्भवेष्टनच वापरलं गेलं.

आता तपासणी. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. डिश भरली, पेशी फरशीसारख्या एकमेकींना लागून बसल्या, की ‘तयार’ असा शेरा मारला जातो. पण तशा दिसणाऱ्या पेशींतल्या बहुतेक थोडे दिवस विभागून थांबणाऱ्या असू शकतात. २०१० साली इटलीतल्या गटाने लिंबल पेशी बसवलेल्या ११२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात वसाहती करणाऱ्या (एकेकटीपासून पुंजका वाढवणाऱ्या) पेशींमध्ये पी६३ हे मूळ पेशींची खूण मानलं जाणारं प्रथिन ठळक असलेल्या मूळ पेशी ३ टक्क्यांहून जास्त होत्या तिथे ७८ टक्के रुग्णांत यश आलं. ३ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्यांत फक्त ११ टक्के. हा फरक फेज कॉन्ट्रास्टच्या (न रंगवलेल्या पेशी दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपच्या) फोटोत दिसत नाही; रंगवूनच पाहावं लागतं.

रंगवलेली शीट रुग्णाला देता येत नाही, म्हणून त्याच बॅचची जोडशीट लागते. ती कुठली, हे पेरतानाच ठरवा. शेवटच्या दिवशी ‘ही जरा विरळ आहे, हीच तपासायला देऊ’ असं केलं, की अहवाल भलत्याच शीटचा येतो.

मायकोप्लाझ्मा या डिशमध्ये शिरणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूबाबत भ्रमात राहू नका. मीडिया गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून तो निसटू शकतो आणि पेनिसिलिन जिच्यावर घाव घालतं ती पेशीभित्तिकाच नसल्याने त्याचा उपयोग शून्य. नेहमीच्या अँटिबायोटिकमुळे इतर जंतू मात्र दबून राहतात आणि सगळं स्वच्छ असल्याचा भास होतो. नमुना ताज्या बदललेल्या मीडियाचा देऊ नका. जुना मीडिया आणि थोड्या पेशी, दोन्ही द्या.

राहिला वेळेचा प्रश्न. निर्जंतुकतेची कल्चर चाचणी १४ दिवसांची, मायकोप्लाझ्माची २८ दिवसांची, आणि ताजी शीट तेवढी टिकत नाही. त्यामुळे मधल्या टप्प्यांवर नमुने घ्या, देण्याच्या दिवशी ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून पाहणं) आणि पीसीआर (जंतूंच्या डीएनएची चाचणी) करा. आणि शीट बसवल्यानंतर अहवाल पॉझिटिव्ह आला तर रात्री कुणी कुणाला फोन करायचा, ते नाव-नंबरासकट आधीच लिहून ठेवा.